अणूच्या पोटात काय आहे, हे कळले कसे?

गेल्या अंकात ‘अणूची रचना’ या विषयावर शंका पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ‘अमुक शोध कोणी लावला’ एवढेच विचारणारी होती आणि त्यांची उत्तरे कोणत्याही शालेय पुस्तकात सापडतील. ज्या पत्रांनी ‘हे त्यांना कळले तरी कसे’ असे विचारले आहे, ती येथे घेतली आहेत.

प्रश्न : अणूची कल्पना कणादांनी डाल्टनच्या कितीतरी शतके आधी मांडली होती. मग आपल्या पुस्तकांत डाल्टनलाच मान का? शिवाय हिंदी पुस्तकातला ‘अणु’ आणि आपला ‘अणू’ एकच नव्हेत, असे नात म्हणते. हे खरे आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : आपल्या नातीचे म्हणणे अगदी बरोबर आहे. हिंदीत अ‍ॅटमला ‘परमाणु’ आणि मॉलिक्यूलला ‘अणु’ म्हणतात. मराठीत अ‍ॅटम तो अणू आणि मॉलिक्यूल तो रेणू. त्यामुळे हिंदी माध्यमातून मराठीत आलेले मूल पहिले काही आठवडे पाण्याच्या ‘अणू’त तीन ‘परमाणू’ मोजत बसते आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

आता कणादांविषयी. त्यांच्या वैशेषिक दर्शनातील युक्तिवाद खरोखर धारदार आहे. पदार्थाचे तुकडे करत जाण्याला कोठेच शेवट नसेल, तर मेरू पर्वताचे अवयवही अगणित आणि मोहरीच्या दाण्याचेही अगणित. मग दोहोंच्या आकारात फरक का असावा? म्हणून अविभाज्य परमाणू मानलाच पाहिजे, असे ही परंपरा सांगते. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि कवडशात तरंगताना दिसणारा कण म्हणजे हे त्र्यणुक, इतका तपशील पुढच्या भाष्यकारांनी दिला. पण हे सारे तर्काने मिळालेले आहे आणि ते चुकले असते तर चूक कोठे आहे हे दाखवण्याची सोय त्यात नव्हती. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डाल्टनला मान मिळतो तो ‘अणू असतात’ असे म्हणाल्याबद्दल नव्हे, कारण तसे ग्रीकांनीही म्हटले होते. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला ठरावीक वजन असते आणि हायड्रोजनला एक मानून ते काढता येते, असे म्हणून त्याने १८०३ पासून प्रत्यक्ष तक्ते करायला घेतले. १८०८ च्या त्याच्या पुस्तकात ऑक्सिजनचे वजन ७ दिले आहे; आज आपण ते १६ मानतो. पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो असे त्याने गृहीत धरले होते आणि मोजमापही ओबडधोबड होते. मात्र आकडा लिहून ठेवलेला असल्यामुळे पुढच्यांना तो खोडता आला. माझ्या मते या दोघांत श्रेष्ठ कोण हा वादच निष्फळ आहे, कारण दोघे निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते.

प्रश्न : थॉमसनच्या अणूला ‘प्लम पुडिंग’ म्हणतात. हे पुडिंग आम्ही कधी खाल्लेले नाही. चुकीचे ठरलेले प्रारूप आम्ही का शिकायचे?
— इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी, सांगोला

उत्तर : पुडिंगऐवजी बेदाणे घातलेला शिरा डोळ्यांसमोर आणलास तरी काम भागेल. शिरा म्हणजे सर्वत्र पसरलेला धनप्रभार आणि बेदाणे म्हणजे ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन. हे नाव मात्र थॉमसनने दिलेले नाही, आणि त्याचे इलेक्ट्रॉन बेदाण्यांसारखे रुतून बसलेलेही नव्हते; ते त्या धनप्रभारित गोलाच्या आत कड्यांमध्ये फिरत होते.

१८९७ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ थॉमसनने कॅथोड किरण (हवा काढलेल्या काचेच्या नळीत कॅथोडपासून, म्हणजे ऋण टोकापासून, निघणारे किरण) विद्युत क्षेत्राने वळवून दाखवले. हर्ट्‌झला हे आधी जमले नव्हते, कारण त्याच्या नळीत उरलेल्या वायूतून वीज वाहत होती आणि तिने क्षेत्राचा परिणाम झाकून टाकला होता. थॉमसनने नळीतील हवा अधिक काढली आणि किरण वळले. ते किती वळतात यावरून कणाचा प्रभार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर मिळाले, आणि नळीत कोणताही वायू किंवा कोणत्याही धातूचा कॅथोड असला तरी ते तेच येत होते. सर्व पदार्थांत एकच, हायड्रोजनच्या अणूहून हजारांहून अधिक पटींनी हलका कण आहे, हा निष्कर्ष तेथून निघाला.

हे कण अणूत कसे बसत असतील, याचा विचार करताना त्याला अमेरिकेतील आल्फ्रेड मेयर याचा १८७८ मधला एक प्रयोग उपयोगी पडला. तो तुला घरीही करता येईल. आठ-दहा सुया चुंबकाने एकाच दिशेने घासून चुंबकित कर, प्रत्येक सुई बुचाच्या पातळ चकतीत उभी खोच आणि त्या पसरट परातीतल्या पाण्यात सोड. सगळ्यांची वरची टोके एकाच ध्रुवाची हवीत. आता परातीच्या मध्यावर एक मोठा चुंबक, विरुद्ध ध्रुव खाली करून, उंच धर. सुया एकमेकींना ढकलतात, चुंबक सर्वांना मध्याकडे ओढतो आणि काही क्षणांत त्या आपोआप ठरावीक आकृतीत स्थिरावतात. तीन सुयांचा त्रिकोण होतो, चारांचा चौकोन, पाचांचा पंचकोन. सहावी सुई सोडलीस की एक मध्यभागी जाते आणि पाच तिच्याभोवती राहतात. संख्या वाढवत गेलीस की आत दुसरे कडे तयार होते. थॉमसनने १९०४ मध्ये सुचवले की मूलद्रव्यांचे गुणधर्म ठरावीक अंतराने पुन्हा येतात, त्यामागे अशी कडीच असावीत. धनप्रभाराचा शिरा पुढे खोटा ठरला, पण इलेक्ट्रॉन थराथराने बसतात आणि रसायनशास्त्र त्या थरांवर अवलंबून असते, ही कल्पना टिकली. पुस्तके या माणसाला एका ओळीत निकालात काढतात, ते मला पटत नाही.

प्रश्न : आमच्या तीन पिढ्या सोन्याच्या व्यवसायात आहेत. मुलाच्या पुस्तकात रदरफोर्डच्या सोन्याच्या पत्र्याविषयी वाचले. तो पत्रा किती पातळ होता आणि सोनेच का निवडले? दुसरे असे की, अणू जर बहुतांशी पोकळ असेल, तर माझा हातोडा सोन्यातून आरपार का जात नाही?
— एक सराफ, जळगाव

उत्तर : आपला दुसरा प्रश्न मला स्वतःला महाविद्यालयात पडायला हवा होता, तो पडला नाही याची आज थोडी लाज वाटते. पण क्रमाने जाऊ.

मँचेस्टर येथील भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डने १९११ च्या आपल्या लेखात ज्या पत्र्याचा उल्लेख केला आहे, त्याची जाडी सुमारे ०.००००४ सेंटीमीटर होती. दहा ग्रॅमचा एक तोळा एवढा पातळ पसरला, तर जवळजवळ १.१४ मीटर बाजूचा चौरस होईल. त्या जाडीत सोन्याचे सुमारे चौदाशे अणू एकापुढे एक मावतात. आपल्या व्यवसायातील माणसाला याचे फारसे कौतुक वाटणार नाही, कारण कातड्याच्या पुडीत ठोकलेला चांगला वर्ख याहूनही पातळ असू शकतो. सोने निवडण्याचे एक कारण हेच की ते न फाटता इतर धातूंहून अधिक पातळ होते. आणि दुसरे असे की त्याचा अणू जड असतो. तरीही फक्त सोनेच वापरले, हा समज बरोबर नाही. १९०९ मध्ये त्याच्याच प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन यांनी अ‍ॅल्युमिनिअम, लोखंड, तांबे, चांदी, कथील, प्लॅटिनम आणि शिसे यांच्यावरही अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थांतून वेगाने बाहेर पडणारे धनप्रभारित कण, सोडले होते. दर आठ हजारांत एक कण उलट फिरतो, हा पुस्तकांतून सोन्याच्या नावावर खपणारा आकडा खरे तर प्लॅटिनमचा आहे.

कण मोजण्याची पद्धत डोळे शिणवणारी होती. जस्ताच्या सल्फाइडचा लेप दिलेल्या पडद्यावर अल्फा कण आदळला की एक अतिशय मंद ठिणगी चमकते. ती दिसावी म्हणून निरीक्षकाने आधी बराच वेळ काळोखात बसून डोळे सरावू द्यायचे आणि मग सूक्ष्मदर्शकातून एकेक ठिणगी मोजायची. उगमापासून थेट येणारे कण पडद्यावर पडू नयेत म्हणून मध्ये शिशाची पाटी होती. म्हणजे ठिणगी दिसली तर तो कण धातूवरून उलट फिरूनच आलेला असणार. मार्सडेनला हे काम बरेचसे सराव म्हणून दिले होते आणि काही दिसेल अशी फारशी अपेक्षा नव्हती. ठिणग्या दिसल्या.

येथे कळीचा मुद्दा गणिताचा आहे आणि शालेय पुस्तकात तो येत नाही. सोन्याच्या त्या पत्र्यातून जाताना बहुतेक कण एक अंशही वळत नाहीत. सर्वांत संभाव्य कोन सुमारे ०.८७ अंश होता. मग कोणी म्हणेल की एखादा कण अशी लहान लहान वळणे एकाच बाजूला घेत घेत ९० अंश वळला असेल. रदरफोर्डने हिशोब केला, तेव्हा ही शक्यता जवळजवळ शून्य निघाली. प्रत्यक्षात मात्र सोन्याच्या त्या पत्र्यावरून वीस हजारांत एक कण तसा वळत होता. तेव्हा वळण एकाच धडकेत मिळत असले पाहिजे. प्रकाशाच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याच्या वेगाने येणारा कण एका धडकेत मागे फिरवायचा, तर अणूचा सगळा प्रभार अत्यंत लहान जागेत एकवटलेला हवा. कण समोरून आला तर किती जवळ पोहोचेल, हेही त्याने काढले, आणि ते अंतर अणूच्या त्रिज्येच्या साधारण तीन हजाराव्या हिश्श्याएवढे आले. प्रभार एकवटलेला हा मधला भाग म्हणजे केंद्रक, आणि ते त्याहूनही लहान आहे. सोन्याचे केंद्रक ज्वारीच्या चार मिलिमीटरच्या दाण्याएवढे मानले, तर अणू ८० मीटर व्यासाचा होईल. गंमत म्हणजे हा मधला प्रभार धन आहे की ऋण, हे रदरफोर्डने त्या लेखात ठरवलेच नाही. त्याचा हिशोब दोन्ही बाजूंनी सारखाच बसत होता.

आता हातोडा. ‘पोकळ’ हा शब्द आपल्याला फसवतो. केंद्रकाबाहेरची जागा रिकाम्या खोलीसारखी नसून ती इलेक्ट्रॉनांनी व्यापलेली असते. हातोड्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन आणि सोन्याचे इलेक्ट्रॉन एकमेकांजवळ आले की एकमेकांना दूर सारतात. शिवाय दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, असा निसर्गाचा नियम आहे आणि तो पाउलीने १९२५ मध्ये मांडला. अल्फा कण मात्र इलेक्ट्रॉनाच्या सुमारे ७३०० पट जड, अतिवेगवान आणि एकटा असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या त्या गर्दीला न जुमानता तो पार होतो. आणखी एक हिशोब आपल्यासाठीच केला आहे. दहा ग्रॅम शुद्ध सोन्यातील सर्व इलेक्ट्रॉनांचे वजन मिळून जेमतेम २.२ मिलिग्रॅम भरते. सोन्याचा पिवळेपणा, त्याची झळाळी, ते न तुटता वाढते तो गुण आणि त्याला गंज न चढणे, हे सारे त्या दोन मिलिग्रॅमांचे काम आहे. उरलेले सगळे वजन केंद्रकांचे असते, आणि तराजूवर पैसे पडतात ते त्यांचे.

प्रश्न : वरण उतू जाऊन शेगडीवर सांडले की निळी ज्योत एकदम पिवळी होते. ते हळदीमुळे होते, असे मी समजत होते. पण भाताची पेज सांडली तरी तसेच होते. याचा अणूशी काही संबंध आहे का?
— एक गृहिणी, कराड

उत्तर : आहे, आणि आपण पेजेचे निरीक्षण केलेत म्हणून हळद आपोआप सुटली. दोहोंत समान आहे ते मीठ. स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवून त्याचा एक थेंब ज्योतीच्या कडेला सोडलात, तर तोच पिवळा रंग दिसेल. हा रंग मिठातील सोडिअमचा आहे आणि त्याची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर असते. रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे याच सोडिअमचे. १८५९ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्चहॉफ यांनी ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येक मूलद्रव्याच्या रंगीत रेषा ठरावीक जागीच उमटतात, हे त्यांच्या ध्यानात आले. या युक्तीने त्यांनी सीझिअम आणि रुबिडिअम ही दोन नवी मूलद्रव्येही शोधली. रेषा ठरावीकच का, याचे उत्तर मिळायला मात्र अर्धशतक लागले.

अडचण अशी होती. रदरफोर्डच्या अणूत इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतो असे मानले, तर जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे त्याने सतत प्रकाश फेकत, ऊर्जा गमावत आत कोसळायला हवे, आणि तेही सेकंदाच्या शंभर अब्जाव्या भागाच्या आसपास. तसे झाले असते तर कोसळताना सलग रंगपट्टा दिसला असता आणि अणूच उरला नसता. नील्स बोर १९१२ मध्ये मँचेस्टरला रदरफोर्डकडे होता. पुढच्या वर्षी त्याने धाडसाने असे मांडले की इलेक्ट्रॉनाला काही ठरावीक ऊर्जापातळ्यांतच राहता येते, तेथे तो प्रकाश फेकत नाही, आणि वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येताना दोहोंतील फरकाएवढीच ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. जिना उतरताना दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहता येत नाही, तसेच हे आहे.

त्याला बळ मिळाले ते बाझेलमधील मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या योहान बाल्मर या शिक्षकाकडून. वयाच्या साठीत, १८८५ मध्ये, बाल्मरने हायड्रोजनच्या दृश्य रेषांसाठी एक सूत्र बसवले होते. ३, ४, ५, ६ यांपैकी एक संख्या घ्यायची. तिच्या वर्गाला, त्याच वर्गातून ४ वजा करून येणाऱ्या संख्येने भागायचे आणि ३६४.६ ने गुणायचे. ३ घेतल्यास ९ भागिले ५ गुणिले ३६४.६, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटर, हायड्रोजनची तांबडी रेषा नेमकी तेथेच आहे. ४ घेऊन पाहा, ४८६.१ येईल, ती निळसर-हिरवी रेषा. हे सूत्र का चालते, हे बाल्मरला सांगता येत नव्हते. बोरच्या पातळ्यांतून तेच सूत्र आपसूक बाहेर पडले. आपल्या शेगडीवर होते ते असे : ज्योतीच्या उष्णतेने सोडिअमचा सर्वांत बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि खाली उतरताना पिवळा प्रकाश देतो. बोरचे गणित एका इलेक्ट्रॉनाच्या हायड्रोजनला चपखल बसले, दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमला बसेना. त्याच्या वर्तुळाकार कक्षाही १९२० च्या दशकात मोडीत निघाल्या. पायऱ्या मात्र राहिल्या.

प्रश्न : एका मूलद्रव्याचे सर्व अणू सारखे असतात, तर क्लोरिनचे अणुवस्तुमान ३५.४५ असे अपूर्णांकात का? मुले विचारतात, अर्धा प्रोटॉन असतो का?
— एक शिक्षिका, उदगीर

उत्तर : अर्धा प्रोटॉन नसतो. डाल्टनचे ते विधान तेवढ्यापुरते चुकीचे होते. क्लोरिनचे सुमारे ७६ टक्के अणू वस्तुमानांक ३५ चे आणि २४ टक्के ३७ चे असतात. वर्गात सरासरी काढायला लावलीत की ३५.५ च्या जवळचा आकडा मुलेच सांगतील. ‘समस्थानिक’, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या वजनांचे अणू, ही कल्पना सॉडीने १९१३ मध्ये मांडली आणि अ‍ॅस्टनने १९१९ पासून वस्तुमान-वर्णपटलेखक या, वजनानुसार अणू वेगळे करणाऱ्या उपकरणाने ती अनेक मूलद्रव्यांत दाखवून दिली. मूलद्रव्याची ओळख वजनावरून होत नसून केंद्रकातील धनप्रभारावरून, म्हणजे अणुअंकावरून होते, हे मोझलीने १९१३-१४ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने सिद्ध केले. त्यामुळेच आवर्तसारणीत जड अरगॉन हलक्या पोटॅशिअमच्या आधी का बसतो, हे कोडे सुटले. मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. वजनातील फरक घडवणारा, केंद्रकातला प्रभार नसलेला कण, म्हणजे न्यूट्रॉन, चॅडविकला १९३२ मध्ये सापडला.

प्रश्न : हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. हे खरे आहे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपल्या भागाचा अभिमान दुखावेल, पण कथेत दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचे ज्या निरीक्षणासाठी नाव घेतले जाते, ते फ्रेंच ज्योतिर्विद यान्सेन याने गुंटूर येथून केले. विजयदुर्गच्या कथेत ज्याचे नाव येते, तो इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट (त्यांच्या प्रकाशाची रंगांत केलेली फोड) ग्रहण नसतानाही पाहता येतो, हे त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथूनच दाखवले, आणि त्या वर्णपटातील एक पिवळी रेषा, सोडिअमच्या पिवळ्या रेषांच्या अगदी शेजारची पण त्यांच्याशी न जुळणारी, पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची असावी असे मानले; तेच हेलियम. लॉकयर विजयदुर्गला खरोखरच आला होता, पण तीस वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावर त्याच्या उपकरणांसाठी बांधलेल्या ओट्यांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही; फक्त तारीख बदलते.

तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडलेलाही होता. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला तो युरेनिअमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत मिळाला. नेमका युरेनिअमच्याच खनिजात का, हे १९०८ च्या सुमारास रदरफोर्ड आणि रॉइड्स यांनी उलगडले. युरेनिअमसारखी किरणोत्सारी मूलद्रव्ये अल्फा कण बाहेर टाकतात, आणि अल्फा कण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम. त्याने आसपासचे दोन इलेक्ट्रॉन उचलले की हेलियमचा अणू तयार होतो आणि खडकातच अडकून बसतो. वर जळगावच्या वाचकांना सांगितलेल्या प्रयोगात सोन्याच्या पत्र्यावर आदळत होता, तो हाच.